नागपूरच्या थंडीत ईव्हीला हीट पंप लागतो का? पहिल्यांदा इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांसाठी

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. (हीट पंप म्हणजे साध्या हीटरपेक्षा कमी विजेत केबिन गरम करणारी सोय.) गाडी नागपुरातच चालवायची असेल, फार तर वर्धा, अमरावती, चंद्रपूर, सुट्टीत पेंच नाहीतर ताडोबा एवढंच फिरणं असेल, तर निव्वळ हीट पंपासाठी म्हणून वरचा व्हेरियंट घेऊ नका. गाडीत आलाच तर येऊ द्या, त्याने नुकसान काही होत नाही, पण त्याच्यापायी बजेट ताणणं हिशेबात बसत नाही. बाकी ज्यांना हा हिशेब स्वतः करून बघायचा आहे त्यांनी पुढे वाचा, अवघड काही नाही, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

हा प्रश्न इतका का विचारला जातो ते समजतं. ईव्ही घ्यायची म्हटली की माणूस आधी व्हिडिओ बघतो, आणि थंडीतल्या रेंजचे बहुतेक व्हिडिओ नॉर्वेचे नाहीतर कॅनडाचे असतात. तिथे बर्फात उभी गाडी, रेंज अर्ध्यावर, आणि बोलणारा सांगून राहिला की हीट पंप नसलेली गाडी घ्यालच कशाला. मग इथे लक्ष्मीनगरातले काका गेटवर थांबवून विचारतात, "काहून जी, थंडीत हीटर लावला की बॅटरी बसते म्हणतात?" बसत नाही काका. पण किती खातो ते बघू.

पायरी १: आपली थंडी किती आणि दिवसातले किती तास, ते आधी ठरवा

नागपूरला थंडी पडते, त्याबद्दल वाद नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी १०-१२ अंश नेहमीचं, लाट आली की ७-८ पर्यंत उतरतं, आणि २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ अंशाची नोंद झाली होती, तो आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. पण दुपारी? त्याच महिन्यात दुपारी २७-२८ अंश असतं आणि माणूस स्वेटर काढून कमरेला बांधतो. म्हणजे गाडीत हीटर लागण्यासारखा काळ सकाळी पाच ते साडेआठ-नऊ, आणि रात्री उशिरा लग्नाहून परत येताना. बस. त्यातही आपल्याकडे अर्धे लोक हीटर लावतच नाहीत, कानटोपी, मफलर, काचा वर, झालं काम.

आता तुमचं वेळापत्रक बघा. शाळेत सोडायला सात वाजता निघत असाल, बुटीबोरी नाहीतर हिंगणा एमआयडीसीला फर्स्ट शिफ्ट असेल, तर तुमचे हीटरचे तास खरे. दहाला निघून मिहानला जाणारा असाल तर तुमच्यासाठी हा लेख जवळजवळ इथेच संपला, उन्हाळ्याची पायरी मात्र वाचून जा.

पायरी २: थंडीत रेंज कशाकशाने कमी होते ते वेगवेगळं करा

इथे बहुतेकांचा घोळ होतो. थंडीत रेंज कमी झाली म्हणजे सगळा दोष हीटरचा असं धरतात आणि हीट पंप असता तर सगळी रेंज परत आली असती असं समजतात. तसं नाही. कारणं चार-पाच आहेत आणि हीट पंपाचा हात त्यातल्या एकालाच नीट लागतो.

बॅटरी गार पडली की तिच्या आतला विरोध वाढतो, म्हणजे तेवढीच वीज काढायला थोडी जास्त वाया जाते. शून्याखाली हा प्रकार जोरात असतो, चार्जिंगही मंदावतं, कारण गार लिथियम बॅटरीत जोरात करंट ढकलला तर सेलचं कायमचं नुकसान होऊ शकतं म्हणून गाडीच हात आखडते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, जी आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत येते, ती थंडीला एनएमसी ह्या निकेल-कोबाल्टवाल्या बॅटरीपेक्षा जरा जास्त कुरकुरते. पण हे सगळं शून्याच्या आसपास आणि खाली. आपल्या १०-१२ अंशाला हा तोटा किरकोळ असतो, त्यातून गाडी रात्री बंद पार्किंगमध्ये उभी असेल तर बॅटरी बाहेरच्या हवेपेक्षा उबदारच असते.

टायरचं बघा. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. ऑक्टोबरच्या दुपारी ३३ अंशात हवा भरली आणि डिसेंबरच्या सकाळी ११ अंशात गाडी काढली तर काही पंक्चर नसताना ४ पीएसआय गेलेली असते. ह्याने रेंज जाते आणि लोक हीटरला शिव्या देतात.

थंड हवा जड असते. १० अंशाची हवा ३५ अंशाच्या हवेपेक्षा साधारण ८-९ टक्के जड, म्हणजे हायवेवर हवा कापायला तेवढा जोर जास्त. शहरात ह्याचा फरक कळत नाही, समृद्धीवर कळतो.

आणि मग हीटर. पेट्रोल गाडीत हीटर फुकटात चालायचा, कारण इंजिन पेट्रोलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून फेकूनच देतं, त्यातली थोडी आत वळवली की झालं. ईव्हीची मोटर इतकी काटकसरी की फेकायला उष्णता उरतच नाही फारशी. म्हणून केबिन गरम करायला बॅटरीतूनच वीज काढावी लागते, आणि हीट पंप उपयोगी पडतो तो इथेच.

हीटरचा वाटा किती मोठा असतो त्याचा एक चांगला आकडा आहे. अमेरिकेतल्या एएए ह्या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ ला पाच ईव्ही घेऊन टेस्ट केली होती. साधारण उणे ७ अंशाला हीटर लावून रेंज सरासरी ४१ टक्के घसरली, आणि त्याच थंडीत हीटर बंद ठेवला तर घसरण फक्त १२ टक्के. म्हणजे कडाक्याच्या थंडीत खरा खादाड हीटरच, बॅटरीची कुरकुर त्याच्यापुढे लहान. त्याच टेस्टमध्ये ३५ अंशाला एसी लावून १७ टक्के घसरण होती. हा तिसरा आकडा डोक्यात ठेवा, नागपूरकरांसाठी तोच कामाचा आहे.

पायरी ३: हीट पंप करतो काय ते समजून घ्या

साधा हीटर, ज्याला पीटीसी हीटर म्हणतात, तो एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो. त्याहून जास्त तो देऊच शकत नाही. हीट पंप वीज जाळून उष्णता बनवत नाही, बाहेरच्या हवेत असलेली उष्णता उचलून आत आणतो. घरातला फ्रिज आठवा, आतून उष्णता काढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम उलट दिशेने. गाडीतल्या एसीचाच कॉम्प्रेसर, त्याला जास्तीचे व्हॉल्व्ह आणि नळ्या लावून गॅस उलट्या वाटेने फिरवायचा.

बाहेर १० अंश असताना उष्णता येते कुठून, हा प्रश्न पडतोच. गाडीच्या एसीत वापरतात तो आर-१३४ए गॅस साध्या दाबाला उणे २६ अंशाला उकळतो, त्यामुळे त्याच्यासाठी १० अंशाची हवा चांगलीच गरम आहे. तिच्यातून तो उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो, आणि ती उष्णता केबिनमध्ये सोडतो. एक युनिट विजेत दोन ते तीन युनिट उष्णता मिळते. ह्या गुणोत्तराला सीओपी म्हणतात.

बाहेर जितकी जास्त थंडी तितका सीओपी पडतो. उणे १५-२० ला हीट पंपाचा दम निघतो आणि बऱ्याच गाड्या तेव्हा सोबतीला साधा हीटर चालू करतात. म्हणजे गंमत अशी आहे की ५ ते १५ अंशाच्या आपल्या सकाळी हीट पंप सगळ्यात झकास चालतो, टक्केवारीत बचत भरपूर, पण मुळात बचत करायला खर्चच थोडका. शंभर रुपयांच्या बिलावर साठ टक्के सूट मिळाली तरी साठच रुपये.

ही काही कालची नवलाई नाही, निसान लीफने २०१३ च्या मॉडेलला हीट पंप दिला होता, टेस्लाने २०२० ला मॉडेल वायमध्ये आणला, आणि थंड देशात आता तो बऱ्याच गाड्यांत असतो.

पायरी ४: तुम्ही बघताय त्या गाडीत कोणता हीटर आहे ते शोधा

परदेशातला रिव्ह्यू बघून ठरवू नका, हे सगळ्यात आधी. तीच गाडी, तेच नाव, पण इथे येताना हीट पंप काढलेला असू शकतो, आणि उलटही. एकाच गाडीच्या खालच्या व्हेरियंटला नाही आणि वरच्याला आहे असंही असतं.

ब्रोशरमध्ये शेवटच्या पानावरचा बारीक तक्ता बघा, मग कंपनीच्या साईटवरून ओनर्स मॅन्युअल डाऊनलोड करून त्यात क्लायमेट कंट्रोलचं प्रकरण वाचा, तिथे बहुतेकदा खरं कळतं. सेल्समनला विचारलं तर उत्तर येतं "हो सर, सगळं आहे". एका शोरूममध्ये मला हीट पंप म्हणून जे दाखवलं ते कूलंटचा पंप होता. पोराचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नसेल.

बॉनेट उघडून ओळखायच्या फंदात पडू नका, सगळं झाकलेलं असतं. आणि आत नारिंगी रंगाच्या केबल दिसतील. नागपुरात नारिंगी म्हटलं की हात आपोआप पुढे जातो, पण ह्या केबल हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही, ओढायच्या नाहीत, पाण्याचा फवारा मारायचा नाही.

पायरी ५: आता हिशेब

समजा मनीषनगरहून सकाळी साडेसातला निघून हिंगण्याकडे १० किलोमीटर जाता, ट्रॅफिक धरून २५ मिनिटं. हीटर सुरुवातीला ३-४ किलोवॅट खातो, केबिन गरम झाली की एकच्या आसपास उतरतो. सरासरी २ किलोवॅट धरा, तेही जरा सढळ हातानेच. २५ मिनिटात झाले साधारण ०.८ युनिट (एक किलोवॅट तासभर चालला की एक युनिट). हीट पंप असता, सीओपी अडीच धरला, तर तेवढ्याच उष्णतेला ०.३ युनिटच्या थोडं वर लागले असते. वाचलं अर्धं युनिट.

अर्ध्या युनिटात गाडी शहरात साडेतीन किलोमीटर जाते. घरच्या विजेचा दर १० रुपये धरला (तुमचा स्लॅब बघून आकडा बदला) तर पाच रुपये. थंडीचे खरे दिवस साठ धरले तर वर्षाला ३०० रुपये. परतताना संध्याकाळी पाच-सहाला हीटर लागत नाही, तरी समजा लावलाच, तर ६००. दहा वर्षं गाडी वापरली तरी ६,००० च्या पुढे जात नाही. आता व्हेरियंटमधला फरक किती आहे तो शेजारी लिहा.

एक मात्र लक्षात घ्या, टक्केवारीत बघाल तर शहरातला आकडा भयंकर दिसतो. शहरात २५ च्या स्पीडने गाडी चालवायला सरासरी तीनेक किलोवॅटच लागतात, त्यात हीटरचे दोन म्हणजे खप दीडपटीच्याही वर. स्क्रीनवर ते बघून नवीन माणूस घाबरतो. पण १० किलोमीटरच जायचंय, बॅटरी ४५ युनिटची आहे, खाऊन खाऊन खाईल किती.

लांबचं घ्या. पेंचच्या तुरिया गेटला सकाळची सफारी, चारला निघालात, ९० किलोमीटरच्या आसपास, पावणेदोन तास, घरचे सगळे आत, मागे पोरं झोपलेली म्हणून हीटर पूर्ण वेळ चालू. दोन युनिट गेले समजा, थोडे जास्तच धरू, म्हणजे १२-१४ किलोमीटरची रेंज. हीट पंपाने त्यातले आठेक किलोमीटर परत दिले असते. तीनशे जाणाऱ्या गाडीत आठ.

आणि समृद्धीवर? तिथे हीटरचं नावच काढू नका. १०० वरून १२० ला गेलात की हवेचा विरोध ४४ टक्के वाढतो, हे वेगाच्या वर्गाचं साधं गणित आहे. एखादी मध्यम एसयूव्ही १०० ला किलोमीटरमागे १७०-१८० वॅट-तास खात असेल तर १२० ला सहज २१०-२२० वर जाते. ३०० किलोमीटरमध्ये दहा-बारा युनिटचा फरक. हीट पंप वाचवणार एक-दीड युनिट, तेही सूर्य वर येईपर्यंत. वाशिमकडचं मालेगाव, मेहकर येईस्तो ऊन लागतं आणि हीटर कोणी बंद केला ते कोणाला आठवतही नाही. त्यामुळे रेंजची काळजी असेल तर पाय जरा वर घ्या.

पायरी ६: माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा

टेस्ट ड्राइव्हला किंवा मित्राच्या गाडीत हे करता येतं. सकाळी सहा-साडेसहाला, गाडी रात्रभर बाहेर उभी असलेली. बऱ्याच गाड्यांत एनर्जीची स्क्रीन असते, ज्यात मोटर, क्लायमेट आणि इतर असं वेगळं दाखवतात. हीटर २२ वर लावा आणि गाडी उभी ठेवून क्लायमेटचा आकडा बघा. फुटाळ्याकडे अशीच एक गाडी उभी करून बघत होतो, लावल्या लावल्या आकडा साडेतीन किलोवॅटच्या वर गेला, काचेवरची वाफ हळूहळू कोपऱ्याकडे सरकायला लागली, चहावाल्याने दोन कटिंग दिल्या, त्या संपेपर्यंत आकडा एकच्या खाली आला होता आणि शेजारी बसलेल्याने स्वतःच हीटर कमी करायला लावला, गरम व्हायला लागलं म्हणून. आपल्या थंडीत हे असंच होतं.

स्क्रीन नसेल तर ट्रिप मीटर शून्य करा, एकच रस्ता, एकच स्पीड, एकदा हीटर लावून आणि एकदा न लावता, आणि सरासरी खप लिहून घ्या. फक्त टक्के बघून ठरवू नका, एक टक्का म्हणजे जवळपास अर्धं युनिट, तेवढ्यात सगळा फरक लपून जातो.

आणि एक. हीटर लावताच समोरची रेंज २८० ची २५५ होते, तेव्हा ती २५ किलोमीटर गेली असं नसतं. गाडी त्या क्षणाचा खप धरून पुढचा अंदाज बांधत असते, आणि तो क्षण हीटरच्या सगळ्यात जास्त खाण्याचा असतो. दहा मिनिटं थांबा, बराचसा आकडा परत येतो.

पायरी ७: उन्हाळ्याचा विचार आधी करा, नागपूरकर आहात

हे मला जरा जोर देऊन सांगायचं आहे, कारण शोरूममध्ये सांगितलं जातं की हीट पंपाने एसीचीही बचत होते. थंड करताना हीट पंपवाली गाडी आणि बिना हीट पंपवाली गाडी एकच काम करतात, तोच कॉम्प्रेसर, तोच गॅस. उन्हाळ्यात हीट पंपाचा वेगळा फायदा काही नाही.

आणि आपला खरा खर्च उन्हाळ्यातच आहे. जानेवारीत बाहेर १०, आत २२ पाहिजे, फरक १२ अंशांचा. मे महिन्यात बाहेर ४५, आत २५ पाहिजे, फरक २० अंशांचा, वर डोक्यावर ऊन, आणि उन्हात उभ्या गाडीचं केबिन साठीच्या वर तापलेलं. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ पर्यंत गेलं होतं. (मे २०२४ ला एका केंद्रावर ५६ दाखवलं तेव्हा देशभर बोंब झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्हाला मात्र तो आकडा खराच वाटला होता.) एएएचे १७ टक्के ३५ अंशाचे होते, आपण त्याच्यावर आणखी दहा अंश चढवतो, तेही मार्च संपल्यापासून पाऊस येईपर्यंत, जाताना आणि येताना दोन्ही वेळा.

म्हणून गाडी निवडताना हीट पंपाच्या आधी हे विचारा. बॅटरीला लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रव फिरवून गार ठेवायची सोय, आहे का. मागे एसीचे व्हेंट आहेत का. चार्जिंगला लावून ठेवली असताना मोबाईलवरून एसी चालू करता येतो का. काचेचं मोठं छत असेल तर त्याला आतून पडदा आहे का, त्या छताखाली मे महिन्यात दुपारी दोनला एकदा बसून बघा, फोटोत फार छान दिसतं ते. सीट गार करणारी सोय असेल तर नागपुरात ती हीट पंपापेक्षा दसपट कामाची.

तसं बघितलं तर ईव्ही आणि नागपूरचं ऊन ह्यांची ओळख जुनी आहे, २०१७ च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, ओलाने इथे इलेक्ट्रिक टॅक्सी उतरवल्या होत्या. तेव्हाच्या मानाने आताच्या गाड्या फारच सुधारल्यात.

मग हीट पंप घ्यावा कोणी?

ज्यांची बदली होते त्यांनी. कामठीला किंवा वायुसेनानगरला असाल आणि पुढची पोस्टिंग श्रीनगर-लेहकडे लागू शकते, गाडीही सोबत नेणार असाल, तर जरूर घ्या. उणे १० ला ३०-३५ अंशांचा फरक भरून काढायचा असतो, तोही दिवसभर, तिथे हीट पंपाची बचत रोज जाणवते. हिमाचल-उत्तराखंडला दर हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन जाणारे, दिल्ली-चंदीगडकडे राहायला जाणारे, ह्यांनीही विचार करावा. चिखलदरा-पचमढीसाठी नको, तिथे रात्र थंड असते पण तुम्ही रात्री गाडीत थोडीच राहणार, आणि घाट उतरताना जे चार्जिंग परत मिळतं त्यात हीटरचा खर्च निघून जातो.

उलट बाजूही ऐका. जास्तीचे व्हॉल्व्ह, सेन्सर, नळ्या म्हणजे गॅस गळायला जागा जास्त आणि दुरुस्त करणारे कमी. वॉरंटी आहे तोवर ठीक.

पायरी ८: हीट पंप नसताना हिवाळा कसा काढायचा

सगळ्यात उपयोगाचं म्हणजे गाडी प्लगला असतानाच गरम करून घेणं. निघायच्या दहा मिनिटं आधी ॲपवरून चालू करा, सुरुवातीचा तो साडेतीन किलोवॅटवाला टप्पा भिंतीतल्या विजेवर निघून जातो, बॅटरीला हात लागत नाही. वीजबिल लागतंच, पण पायरी ५ मधली रेंजची निम्मी-अधिक बचत इथेच झाली.

क्लायमेटचं तापमान तपासा. मे महिन्यात कोणीतरी २७ वर ठेवलेलं असतं, डिसेंबरात सकाळी ऑटो दाबलं की केबिन १२ अंशाची आणि मागणी २७ ची, हीटर पूर्ण ताकदीने सुरू, आणि आपण समजतो नुसता पंखा चालू आहे. स्वेटर अंगात असताना १९-२० पुरतं.

काचेवर वाफ आली तर हीटर वाढवत बसू नका. हवा बाहेरून घेण्यावर ठेवा, एसी चालू, थोडी उष्णता, वारा समोरच्या काचेवर. एसी हवेतला ओलावा काढतो, त्यानेच काच साफ होते. हिवाळ्यात एसी कशाला म्हणून लोक बंद ठेवतात, आत पाच माणसं श्वास सोडून राहिली, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) चालू, आणि धुक्यात वर्धा रोडवर एक जण फडक्याने काच पुसतोय. रेंजपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे, डिफॉगरला वीज वाचवायची नाही.

टायरची हवा डिसेंबर लागला की सकाळी, गाडी न चालवता, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. मार्चमध्ये परत एकदा.

सकाळी ब्रेकिंगचं चार्जिंग, म्हणजे रिजेन, कमी मिळतंय, रिजेन मेला, असं वाटलं तर आधी बॅटरी किती भरलीय बघा. १०० टक्के भरलेल्या बॅटरीत परत ढकलायला जागाच नसते. आपल्याकडे थंडीच्या नावावर खपणारी ही तक्रार बहुतेकदा रात्रभर फुल चार्ज केल्याची असते. पाच-सात किलोमीटर गेलात की रिजेन आपोआप येतो.

सोबत एक शाल मागच्या सीटवर टाकून ठेवा, आजी-आजोबांना हीटरच्या कोरड्या हवेपेक्षा तीच बरी वाटते.

पायरी ९: बुकिंगच्या दिवशी

इतकं करूनही हीट पंप हवाच असेल, हौस म्हणून का होईना, तर घ्या, पण तोंडी बोलण्यावर नाही. कोटेशनवर व्हेरियंटचं पूर्ण नाव आणि त्याच्यापुढे "हीट पंप आहे" किंवा "नाही" असं लिहून सही-शिक्का घ्या. मॉडेल इयर बघा, वर्ष बदललं की फीचर काढतात-घालतात आणि जुना स्टॉक डिसेंबरात सवलतीत विकतात. हीट पंपाचा व्हॉल्व्ह आणि गॅसची गळती बॅटरीच्या वॉरंटीत येते का साध्या गाडीच्या वॉरंटीत, ते विचारा, दोन्हींची वर्षं वेगळी असतात. आणि नागपूरच्या वर्कशॉपमध्ये हाय व्होल्टेज एसीचं काम करणारा ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे का, का गाडी पुण्याला पाठवणार, हे सेल्समनला न विचारता थेट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन विचारा.